बाहेरचा साहेब

पोलीस खात्यातून बाहेर पडून आता पुष्कळ वर्षं झाली, तरी महाडच्या बाजारात कुणी 'जमादार' अशी हाक मारली की माझी मान अजून वळते. या अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांना चोरांच्या पाठलागाच्या गोष्टी हव्या होत्या. तशा माझ्याकडे आहेत. वरंधच्या घाटातल्या लुटारूंची आहे, सावित्रीच्या पुरात वाहून आलेल्या पेटीची आहे. पण लिहायला बसलो की पाठलाग करणारा मी काही डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो आमच्याच मागावर आलेला एक माणूस. त्याच्याविषयीच लिहितो. माणसांची नावं बदलली आहेत आणि ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातलं होतं एवढं पुरे.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ठाण्यावर फौजदार असायचे. ठाण्यापासून लांब घाटाकडच्या गावांसाठी एक दूरक्षेत्र असायचं, म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक पडवी आणि मागे मुद्देमाल ठेवायची पत्र्याची शेड. तिथं मी जमादार आणि माझ्या हाताखाली मूठभर शिपाई. खाकी हाफपँट, पायाला पट्ट्या, डोक्यावर निळी टोपी. गाडी नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवर जायचं तर पायीच, आणि पावसाळ्यात ओढ्यांनी जाऊ दिलं तरच.

चोऱ्या आमच्याकडे फार नव्हत्या. बांधावरून डोकी फुटायची, बैल पळवले जायचे. खरं काम दारूबंदीचं. जंगल आणि ओढे जागोजाग, त्यामुळे हातभट्टी लावायला जागा कमी नव्हती. भट्टी सापडायची, भट्टीवाला सापडायचा नाही. मग आम्ही डबे, मडकी जप्त करून आणायचो आणि ती शेडमध्ये पडून राहायची.

आता 'भेटी'विषयी सांगायला हवं. वाडीवर पोलीस गेला की त्याला काहीतरी दिलं जायचं. कोंबडी, तूप, कधी बोकड. त्याला लाच कुणी म्हणत नसे. शब्दच वेगळा होता, भेट. मी माळकरी. मटण नाही, दारू नाही, आणि घरचं वरंधला भाताचं शेत असल्यामुळे तांदळाचीही ददात नव्हती. त्यामुळे मी काही न्यायचो नाही आणि 'स्वच्छ जमादार' म्हणून माझं नाव झालं होतं. त्या नावाचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. बोकड माझ्या कामाचा नव्हता म्हणून मी स्वच्छ होतो, हे पुढे कळलं.

लाचलुचपत पकडणारं वेगळं खातं तेव्हा नवीनच होतं. त्यातली माणसं पोलिसांतूनच गेलेली, पण आमच्या साहेबांच्या हुकमाखाली नसलेली. आमच्यात त्या खात्याला 'मांजर' म्हणत. कुठल्या ठाण्यावर त्यांचा माणूस आला की पुढच्या ठाण्याला निरोप जायचा, मांजर उतरलं. राग फार होता. घाटात अंगावर कुऱ्हाड येते तेव्हा हे कुठं असतात, खुर्चीत बसून आमची मापं काढतात, असं सगळेच बोलायचे. मीही बोलायचो. एकदा बाजारातल्या कुण्या रिकामटेकड्यानं माझ्याविरुद्ध निनावी अर्ज टाकला होता, की हा जमादार फुकटचे सुके बोंबील खातो. माझ्या गळ्यातली माळ बघून चौकशीला आलेला माणूसही हसला होता. पण मी महिनाभर धुमसत होतो. ज्यानं आयुष्यात बोंबील हुंगला नाही त्याला जाब द्यावा लागतो, मग नोकरी करायची कशाला?

आमचे फौजदार घोरपडेसाहेब. त्यांच्याविषयी वाकडा शब्द मी आजही ऐकून घेत नाही आणि तरीही पुढचं लिहिणार आहे. वरंध घाटात लग्नाची वऱ्हाडं लुटणारी टोळी त्यांनी पकडली. माझ्या मावशीचं वऱ्हाड त्या टोळीनं लुटलं होतं, तिच्या कानातलं ओरबाडून नेलं होतं. साहेब टोळीच्या मागे दरीत उतरले ते खांद्यावर घाव घेऊनच वर आले. पंचनामा कसा लिहायचा, घाबरलेल्या साक्षीदाराशी कसं बोलायचं, खोटं बोलणाऱ्याच्या पायांकडे कसं बघायचं, सगळं मला त्यांनी शिकवलं. त्या भागात त्यांचा शब्द चालायचा. त्यांना आपल्या वचकाचा अभिमान होता आणि तो त्यांनी कमावलेला होता.

एका उन्हाळ्यात आई आजारी म्हणून मी रजा घेऊन वरंधला गेलो. परत आलो तेव्हा कापड्याच्या वरच्या डोंगरावरल्या धनगरवाड्यातला धोंडू ढेबे दारूच्या केसमध्ये आत गेला होता. जामीन राहायला कुणी नाही, म्हणून त्याला अलिबागच्या तुरुंगात ठेवलं होतं. मला जरा नवल वाटलं. धनगर ताक पिणारा, म्हशी-शेळ्या राखणारा माणूस. पण फौजदारसाहेबांनी स्वतः केलेली केस, त्यात मी काय बोलणार? शेडमधला एक डबा जागेवर नव्हता. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "साहेबांनी ठाण्यात मागवला." मी पुढे काही विचारलं नाही.

पाऊस संपता संपता मांजर उतरलं.

इन्स्पेक्टर तेंडोलकर दिसायला अगदीच सामान्य. किडकिडीत, पोटाच्या दुखण्यानं पिवळट झालेले, साध्या धोतर-कोटातले. खांद्याला पिशवी, त्यात स्वतःचा तांब्या आणि फडक्यात बांधलेले पोहे. कुणाकडचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आमच्या लोकांनी त्यांचे जे हाल केले ते मी पाहिले आहेत. सरकारी डाकबंगल्याच्या चौकीदारानं सांगितलं, खोली उंदरांनी खराब केलीय. बैलगाडीवाल्याचा बैल त्याच सकाळी लंगडा झाला. वाट दाखवायला गावात माणूस मिळेना. तेंडोलकर देवळाच्या ओवरीत राहिले आणि रोज सकाळी ओढ्यावर स्वतःचे कपडे धुतले. शिपाई लांबून बघून हसायचे.

शेवटी घोरपडेसाहेबांनी मला बोलावलं.

"तू जा त्यांच्याबरोबर धनगरवाड्यावर," ते म्हणाले. "तुझ्याविषयी कुणाची तक्रार नाही. वाट दाखव. आणि कोण काय बोलतं ते ऐकून ये."

"त्या धोंडूच्या बायकोनं अर्ज केलाय म्हणे?"

"केलाय. वर्षानुवर्षं ह्या लोकांना चोरांपासून राखलं, त्याचं हे फळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. कापड्याच्या भातखाचरांतून वाट जाते तोवर ठीक होतं, पुढे खडा चढ लागला. तेंडोलकर पोट धरून थांबायचे, पुन्हा चालायचे. मला त्यांची कीव येऊ लागली होती, पण राग गेला नव्हता. एका दगडावर बसले असताना मी विचारलंच.

"साहेब, राग मानू नका. तुम्हीपण पोलीसच. मग आपल्याच माणसांच्या मागं लागायला मन कसं होतं?"

ते तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले.

"मी घाटावर एका ठाण्यात फौजदार होतो," ते म्हणाले. "माझ्यावर अर्ज झाला. एका सावकाराकडून म्हैस घेतली असा. साफ खोटा. चौकशी माझ्याच साहेबांनी केली. ठाण्यात बसून, माझ्याच घरचा चहा पीत. आणि लिहून टाकलं, काही तथ्य नाही."

"मग? सुटलात की."

"सुटलो कसला! गावात एकानंही विश्वास ठेवला नाही. आपल्याच माणसानं आपल्या माणसाला सोडला, असंच म्हणाले. माझी मुलगी शाळेत जायची तर पोरं म्हशीसारखी ओरडायची. अजून त्या गावावरून एस.टी. गेली की मी खिडकीतून बाहेर बघत नाही. तेव्हा वाटलं, कुणीतरी बाहेरचा यायला हवा होता. ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही असा. तो 'निर्दोष' म्हणाला असता तर त्या शब्दाला काही किंमत राहिली असती."

बोंबलाची गोष्ट सांगून हसवायचं मनात होतं, ते राहिलं.

माथ्यावर पोचलो. धनगरवाडा म्हणजे कारवीच्या कुडाची पाच-सहा घरं आणि त्यांच्यापुढे मोठाले गोठे. मी तिथं अनेकदा गेलेलो. नेहमीसारखंच सामसूम. गोठे रिकामे, चुली विझलेल्या, दारात एखादी म्हातारी. तेंडोलकर सगळीकडे हिंडले. गोठ्यात वाकून त्यांनी लेंड्या हातात घेऊन बघितल्या.

"जमादार, इथली जनावरं कुठं असतात?"

"रानात साहेब. हे लोक दिवसा लांब चारायला नेतात. मी जेव्हा जेव्हा आलोय तेव्हा असंच असतं."

"दूध पिणारी करडंसुद्धा नेतात?"

मी गोठ्याच्या कोपऱ्यात बघितलं. करडांना झाकायच्या टोपल्या उपड्या पडल्या होत्या. खाली गवत ओलं होतं. एका चुलीतून अजून धूर येत होता, वर पाणी ओतलेलं. आत दगडी उखळाशेजारी अर्धवट निवडलेली नाचणी तशीच टाकलेली.

"वाट पार खालपासून दिसते इथून," तेंडोलकर म्हणाले. "तुमची निळी टोपी चढावर दिसली असेल."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रानात बिबट्या उतरला की हे लोक असंच करतात, पिल्लं उचलतात आणि पळतात. इतकी वर्षं मी इथं येत होतो आणि लोकांना सांगत होतो, धनगर फार मेहनती, दिवसभर वाड्यावर सापडायचे नाहीत. आणि ते माझ्यामुळे सापडत नव्हते. मी 'स्वच्छ जमादार' वर चढत होतो आणि इकडे बायका करडं पोटाशी धरून काट्यांतून पळत होत्या. वरून टोपीच फक्त दिसते. टोपीखाली माळ आहे की नाही ते कुणाला दिसणार?

तोंडावर कुणी थुंकलं असतं तर परवडलं असतं. मी टोपी काढून हातात धरली. तेंडोलकरांनी मला पाणवठ्याजवळ जाऊन बसायला सांगितलं. मी गेलो. ऐकायला पाठवलेला माणूस मी, पण तिथं बसल्यावर आपणहून कान दुसरीकडे वळवावे असं वाटत होतं. तरी ऐकू येत होतंच. वाडा लहान, आणि शांतता.

बऱ्याच वेळानं माणसं एकेक करून परत आली. धोंडूची बायको भागाबाई शेवटी आली. वाळलेली, कपाळावर काट्याचा ओरखडा. ती सरळ घरात गेली आणि तुपाचं गाडगं घेऊन बाहेर आली. तेंडोलकरांच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्या घ्या साहेब," ती म्हणाली. "दुसरा घरात काय नाय. माज्या माणसाला सोडा."

"बाई, मी न्यायला नाही आलो. तुम्ही अर्ज केला होता ना? तो ऐकायला आलोय."

"मग पयल्यांदा घ्या नि मग ऐका."

"मी घेत नाही काही."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, मग वाड्यातल्या बायांकडे. त्यांच्या नजरेत घाबरलेपणच जास्त होतं. काही न घेणारा साहेब म्हणजे आणखी मोठं काहीतरी मागणार, असं त्यांना वाटलं असावं. भागाबाई हळूच म्हणाली, "तूप नको त बकरी देते. पोरींना सांगते आणायला. रानात हाय."

लाच पकडणाऱ्या माणसाला लाच घ्या म्हणून ती बाई हात जोडत होती. आमच्या खात्याचा दुसरा कुठलाही प्रकार तिनं कधी बघितला नव्हता. तेंडोलकरांनी गाडगं उचललं, तिच्या दारात नेऊन ठेवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले.

"आता सांगा."

मग तिनं सांगितलं. शिमग्याच्या आधी ठाण्याची माणसं वर यायची आणि एक बोकड न्यायची. दरसालचं होतं, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. ह्या साली नेला तो देवाला सोडलेला बोकड. धोंडू हातापाया पडला, दुसरे दोन न्या म्हणाला. पण तोच चरबीला चांगला होता. दुसऱ्या दिवशी बाजार होता. धोंडू खाली उतरला आणि ठाण्यासमोर उभा राहून ओरडला, की पोलिसांनी माझा देवाचा बोकड चोरला, हे पोलीस नाहीत, चोर आहेत. लोक जमले. काही जण हसले.

"चार दिसांनी आले," ती म्हणाली. "घरात गेले नि डबा घेऊन भायर आले. बोलले, ही तुजी दारू. माजा माणूस बोलला, मी पीत पन नाय. त्याला मारलान, बांधलान नि नेलान. डबा मी आमच्या घरात कदी बगितला नव्हता साहेब. त्यांच्याच पिशवीत होता."

"कोण कोण आले होते?"

तिनं सांगितलं. मग पाणवठ्याकडे, माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो नव्हता. ह्यो जमादार चांगला हाय हो. ह्यानं आमचा कदी काय नेला नाय. ह्याच्यावर काय लिहू नका. देव त्याचा भला करो."

आयुष्यात मला दोन-तीन वेळा बक्षीस मिळालं, एकदा साहेबांच्या हातून सर्वांसमक्ष. पण एवढी स्तुती कुणी केली नाही आणि एवढी लाजही कधी वाटली नाही. मी तिला लुटलं नव्हतं म्हणून ती मला आशीर्वाद देत होती. माझं काम तिला राखायचं होतं. ते मी केलं का नाही, हा प्रश्न तिच्या मनातही आला नव्हता. पोलिसाकडून तेवढी अपेक्षाच नव्हती.

तेंडोलकर खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या कोर्टात या. मुद्देमाल बघायचा आहे. जे जे जप्तीचा माल हाताळतात त्या सगळ्यांना दाखवतोय."

महाडच्या कोर्टात कारकुनानं डबा काढून टेबलावर ठेवला. रॉकेलचा चौकोनी डबा, एका बाजूचा कान तुटलेला, त्या जागी पिळलेल्या तारेची कडी. ती कडी मीच घातली होती. सावित्रीच्या काठच्या एका बेवारस भट्टीवर तो मला सापडला होता, आणि दूरक्षेत्रापर्यंत उचलून आणायला धरायला काही नव्हतं म्हणून मी कुंपणाची तार पिळून त्याला अडकवली होती. डब्यावर चिठ्ठी होती, आरोपी धोंडू ढेबे याच्या राहत्या घरातून जप्त.

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. साहेबांनीच मला शिकवलं होतं, चेहरा आधी बोलतो.

"आत्ता सांगू नका," तेंडोलकर म्हणाले. "तुमचे अधिकारी आहेत ते, मला ठाऊक आहे. घरी जा. उद्या या आणि सांगा. मात्र मग शब्द फिरवू नका."

मी घरी गेलो नाही. तसाच ठाण्यावर, फौजदारसाहेबांच्या बंगलीवर गेलो. दुपारची वेळ, साहेब पडवीत खुर्ची टाकून बसलेले. वहिनीसाहेबांनी नेहमीसारखा चहा आणून दिला, आईची तब्येत विचारली. त्या आत गेल्यावर साहेबच म्हणाले, "डबा ओळखलास."

"ओळखला साहेब. कडी माझ्या हातची आहे."

"मला सांगायला आलायस की विचारायला?"

"सांगायला."

त्यांनी खुर्ची समोरच्या आंब्याकडे वळवली. मी चहाची बशी हातात धरून उभा.

"बोकडासाठी नाही रे केलं," ते म्हणाले. "बोकड कुठून आला ते मी विचारलंही नव्हतं. पण भर बाजारात, ठाण्याच्या दारात, तो मला चोर म्हणाला. लोक हसले. मी त्या दरीत उतरलो होतो तेव्हा माझ्यामागं किती जण होते तुला माहीत आहे. उरलेली टोळी माझ्या नावाला घाबरून शरण आली. ते नाव एका धनगरानं बाजारात हसण्यावारी घालवलं असतं, तर उद्या घाटात कोण घाबरलं असतं?"

"साहेब, तो आत आहे. त्याची बायको..."

"माहीत आहे." ते म्हणाले. "सोडणारच होतो. थोडा वेळ जाऊ दे म्हटलं. मग अर्ज झाला आणि सोडलं तर घाबरून सोडलं असं झालं असतं."

खांद्यावर घाव घेतलेला तो माणूस इतका लहान झालेला मला बघवेना. मी बशी खाली ठेवली.

"तू विचारायला आला असतास," ते म्हणाले, "तर मी 'बोलू नकोस' म्हणालो असतो. तू ऐकलंही असतंस. विचारलं नाहीस ते बरं केलंस. जा."

दुसऱ्या दिवशी मी जबानी दिली. तार, कडी, शेड, सगळं सांगितलं. नंतर तीच जबानी मोठ्या साहेबांसमोर द्यायला अलिबागला जावं लागलं. धोंडूवरची केस काढून घेतली गेली. घोरपडेसाहेबांचा हुद्दा उतरवून त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, दोन शिपायांना घरी बसवलं.

पोलीस लाइनीत माझ्याशी कुणी बोलेना. विहिरीवर आमची मंडळी गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून चालू लागायच्या. संक्रांतीला तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. एकदा ती मला म्हणाली, "तुम्ही काय चोरी केलीत? मग मान वर करून चाला की." मान वर होत नव्हती. शिपाई मला फितूर म्हणत, त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण वाटेत कुणी डोंगरातला माणूस भेटला आणि टोपी बघून बाजूला सरून उभा राहिला की मी खाली बघायचो.

साहेब गेले त्या दिवशी एस.टी. स्टँडवर निम्मा बाजार जमला होता. व्यापाऱ्यांनी हार घातले, माझ्या मावशीचे यजमान नारळ घेऊन आले. त्यांनीही काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. त्यांचं सोनं साहेबांनीच परत आणलं होतं. मी मागे उभा होतो. साहेबांनी मला बघितलं, आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "जमादार, वळकटी वर टाक." मी टपावर चढलो, वळकटी नीट बांधली. गाडी सुटेपर्यंत ते परत माझ्याकडे वळले नाहीत.

तेंडोलकर आधीच निघून गेले होते. आमच्यातले त्यांना पुढेही मांजरच म्हणत राहिले. मी कुणाला थांबवलं नाही, पण स्वतः तो शब्द पुन्हा वापरला नाही. आपला आपल्याला तपासतो तेव्हा काय होतं ते मी पाहिलं होतं. घोरपडेसाहेबांची चौकशी त्यांच्या वरच्यांनी केली असती तर घाट, टोळी, खांद्यावरचा घाव हेच सगळं तराजूत पडलं असतं. धोंडू त्यात कुठेच आला नसता. मीच चौकशी केली असती तरी आला नसता.

एक गोष्ट मागे राहिली. अलिबागला माझी जबानी झाली त्याच दिवशी धोंडूच्या सुटकेचा कागद निघाला. मी परत निघणारच होतो, तर तिथले लोक म्हणाले, तुमच्याच भागातला आहे, बरोबर घेऊन जा. तुरुंगाच्या दारातून तो बाहेर आला. मी म्हटलं, "धोंडूभाऊ, सुटलात. केस संपली. चला घरी." त्यानं मान डोलावली. त्याला कळलं असं मला वाटलं.

एस.टी.त मी त्याला खिडकीशी बसायला सांगितलं. तो माझ्या पायाशी, खालच्या पत्र्यावर बसला.

"अहो वर बसा. तिकीट काढलंय."

"नको साहेब. हितं बरा हाय."

"तुम्ही आता कैदी नाही, धोंडूभाऊ."

"व्हय साहेब," तो म्हणाला आणि तिथंच बसून राहिला. दोन्ही मनगटं एकाजवळ एक, गुडघ्यांत धरलेली. बेडी नव्हती, पण हात तसेच. पेणला, माणगावला लोक चढायचे, त्याच्याकडे बघायचे, माझ्या टोपीकडे बघायचे आणि दुसरीकडे सरकायचे. एका बाईनं आपल्या पोराला जवळ ओढलं. मी टोपी काढून पिशवीत घातली तरी खाकी होतीच अंगावर. सगळ्या गाडीला ओरडून सांगावंसं वाटत होतं की यानं काही केलेलं नाही.

पोलादपूरला उतरलो. चहा घ्या म्हटलं, तो नको म्हणाला. कापड्याच्या वाटेला तो माझ्या मागून चालत होता. मी थांबलो की थांबायचा. भात कापायला आलं होतं, खाचरांतून माणसं होती, कुणीतरी त्याला ओळखून हाक मारली. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग उत्तर दिलं. डोंगराची वाट सुटते तिथं आम्ही आलो. वरून कुठूनतरी त्याच्या वाड्यातल्या कुत्र्याचं भुंकणं येत होतं. त्याचे डोळे सारखे वर जात होते, पाय मात्र जागचे हलत नव्हते.

"जा की आता," असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, तेवढ्यात त्यानंच विचारलं.

"साहेब, जाऊ?"

स्वतःच्या घरी जायला तो मला विचारत होता. आम्हीच त्याला ते शिकवलं होतं. मी नुसता हात केला, चढाकडे. त्याला ते पुरलं नाही. हात जोडून, ऊन डोळ्यांवर घेत तो तसाच उभा राहिला, मी तोंडानं "जा" म्हणेपर्यंत.